नकाशात नसलेला थर

बेहालातल्या त्या शाळेची गच्ची कोसळली त्याच्या दोन दिवस आधी मी तिथे गेलो होतो. वर काय चाललं आहे ते मी पाहिलं. त्याचा अर्थ काय, हे त्या आवारात फक्त मला कळत होतं. सांगायला हवं होतं ते न सांगता मी परत आलो. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. चौकशी करणाऱ्यांना नाही, साहेबांना नाही, बायकोलाही नाही.

दुसरीही एक गोष्ट आहे. ती याहून वाईट आहे. ती पुढे येईल.

आता माझी पन्नाशी जवळ आली. तेव्हा तिशी उलटली नव्हती. देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि मी कलकत्त्यात, डलहौसी स्क्वेअरमागच्या एका गल्लीत, एका लहानशा कचेरीत बांधकामाची गणितं करत होतो. कचेरी म्हणजे साहेब, नकाशे काढणारे दोघे आणि मी. साहेब बंगाली, विलायतेत शिकून आलेले, मोजकं बोलणारे. मी भवानीपूरला दोन खोल्यांत राहत असे. मुलगी पाच महिन्यांची होती. आमच्या ओळखीतली मराठी घरं थोडीच. कोणी रेल्वेत, कोणी पोस्टात, कोणी बँकेत. त्यांच्यात इंजिनिअर म्हणवून घेणारा मी एकटाच, आणि ते मला आवडत असे.

शाळा मुलींची होती. पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांनी तिथे आधी झोपड्या आणि मग पत्र्याची घरं उभी केली होती. त्यांच्या मुलींसाठी एका जुन्या बैठ्या इमारतीत शाळा भरे. मुख्याध्यापिका स्वतःही ढाक्याहून आलेल्या. सगळे त्यांना बडदी म्हणत, म्हणजे थोरली ताई. मीही तेच म्हणू लागलो. एकेका खोलीत साठ-साठ मुली बसत. बडदींना वर एक लांब दालन हवं होतं, आणि त्यावर पक्की गच्ची.

अडचण जमिनीची होती. कलकत्त्याची जमीन म्हणजे मुळात चिखल. थोडं खणलं की निळसर काळी माती लागते, बोटानं दाबली की ठसा उमटतो. त्यातून ही इमारत बुजवलेल्या तळ्यावर उभी. भिंतीत जुने, तिरपे तडे होतेच. साहेब एकदा येऊन पाहून गेले आणि मला म्हणाले, "एवढ्याशा पायावर दुसरा मजला चढवायचा तर वजन उतरवा. कुठूनही उतरवा."

हे काम मला मनापासून आवडलं. का आवडलं ते समजण्यासाठी थोडं सांगावं लागेल.

काँक्रीटची स्लॅब आपल्या ताकदीतला मोठा वाटा स्वतःलाच उचलून धरण्यात घालवते. माणसं, सामान, पाऊस हे नंतर. भार आला की स्लॅब जराशी वाकते. वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून खालच्या अंगाला लोखंडी सळ्या घालतात. मग खालच्या अंगाचं काँक्रीट काय करतं? सळ्यांना धरून ठेवतं, एवढंच. सळ्यांच्या मधलं काँक्रीट तर काहीच करत नाही, नुसतं लटकत असतं आणि आपलं वजन दुसऱ्यांवर टाकतं. ते काढून टाकलं तर? सळ्यांभोवती अरुंद बरगड्या ठेवायच्या, वर पातळ पापुद्रा ठेवायचा, मधे पोकळी. पोकळीसाठी मी मडकी सुचवली. भाजलेल्या मातीची, चौकोनी बुडाची, उपडी मांडायची आणि भोवती काँक्रीट ओतायचं. पूर्व बंगालातून आलेले कुंभार त्याच वस्तीत होते. सिमेंट आणि लोखंड तेव्हा परवान्यावर मिळे, ते वाचणार होतं. पाया वाचणार होता. बडदी म्हणाल्या, "हलकं म्हणजे कमजोर तर नाही ना, बाबा?" मी हसून म्हणालो, "बडदी, कमजोर भाग तेवढा काढून टाकलाय." हे उत्तर मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.

आता चूक.

भाराचा तक्ता मी दोनदा केला. पहिल्या तक्त्यात स्लॅबचं स्वतःचं वजन, खालचा गिलावा, वर चढणाऱ्या माणसांचं वजन आणि चुन्याचा कोबा असं सगळं होतं. तिकडे त्या कोब्याला जलछाद म्हणतात. विटांचे तुकडे, सुरकी म्हणजे विटांची भुकटी, आणि चुना कालवून गच्चीवर चार इंच पसरायचा आणि दिवसचे दिवस लाकडी थाप्यांनी धोपटायचा. मग पाणी झिरपत नाही. चौरस फुटाला हा कोबा चाळीस पौंड भरतो. मडकी घालून मी जेवढं वजन वाचवलं होतं, ते जवळजवळ सगळं त्याने परत घेतलं. बरगड्या अपुऱ्या पडायला लागल्या. त्या रुंद करायच्या तर वजन वाढणार, लोखंड परवान्याबाहेर जाणार.

तक्ता पाहून साहेबांनी त्या एका ओळीवर पेन्सिल ठेवली. "हे इथे हवंच का? डांबर आणि फेल्ट टाका."

डांबरी फेल्ट म्हणजे गुंडाळीत येणारा जाड कागद. वजन काहीच नाही. मी दुसरा तक्ता केला. चाळीसच्या जागी दोन लिहिले. सगळं बसलं. इतकं नीट बसलं की बरगड्यांच्या टोकांशी, भिंतीजवळ, बरगडी तिरपी कापली जाऊ नये म्हणून ज्या लोखंडी रिंगा दाट घालायच्या असतात त्याही मी विरळ केल्या. पहिला कागद टोपलीत गेला. त्यात लपवालपवी नव्हती, रद्द झालेले कागद आम्ही टोपलीतच टाकत असू.

नकाशा तयार झाला. बरगड्या, मडकी, सळ्या, सगळं स्वच्छ दाखवलेलं. गच्चीवर काय घालायचं ते त्यात नव्हतं, कारण ते आमच्या कुठल्याच नकाशात नसे. कलकत्त्यात गच्ची म्हटली की त्यावर जलछाद असणारच. दार म्हटलं की बिजागरी असणारच, तसं. ते कोणी लिहीत नाही, कोणी विचारत नाही. मिस्त्री स्लॅब वाळली की थाप्यावाल्यांना बोलावतो आणि काम होतं. जी गोष्ट नकाशात कधी नसतेच, ती या वेळी वगळली आहे हे नकाशावरून कोणाला कळणार? ते तोंडानं सांगायला हवं होतं. मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. त्या आठवड्यात मुलीला ताप आला, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका गोदामाचं काम आलं, आणि मग फेल्ट कुठून आणायचं हेच ठरलं नाही. बडदींना फेल्टच्या गुंडाळ्या विकत घ्यायला सांगायचं होतं, तेही राहिलं. राहून गेलं, एवढंच खरं उत्तर आहे.

मिस्त्री मुर्शिदाबादकडचा मुसलमान, पन्नाशीतला, पांढरी दाढी, डाव्या हाताचं एक बोट वाकडं. बडदींनी काम थेट त्यालाच दिलं होतं. मी मराठी म्हटल्यावर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "म्हणजे बर्गी?" बंगालात आया अजून मुलांना बर्गींची, म्हणजे लुटारू मराठी स्वारांची, भीती घालून झोपवतात. मी म्हणालो, "होय." तो म्हणाला, "या वेळी काय लुटायला आलात?" मी म्हणालो, "सिमेंट." तो इतका हसला की परांचीवरून उतरून बसला. तेव्हापासून मी बर्गीबाबू.

मडकी आली त्या दिवशी तो एक हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. "बाबू, छत टाकायचंय की भात शिजवायचाय?"

"मिस्त्री, तुम्ही मांडा तर."

"मांडतो. पण वरून चाललो आणि पाय हंडीत गेला तर माझ्या बायकोला तुम्ही सांगायचं."

मांडली मात्र त्याने अशी, की दोरी धरून पाहिलं तर एक मडकं इकडचं तिकडे नाही. ओतण्याच्या दिवशी तो सबंध वेळ पाण्यावर नजर ठेवून होता. मजुराने कालवणात लोटीभर जास्त पाणी घातलं की ओरडायचा, "पातळ डाळ करतोस का?" मला त्याने तिथे एक गोष्ट शिकवली. स्लॅबखालच्या फळ्या काढल्यावर हातोडीच्या दांड्यानं खालून ठोकत जायचं आणि आवाज ऐकायचा. तो कुठे बदलला तर तिथे काँक्रीट नीट भरलेलं नाही. आम्ही दोघांनी मिळून सबंध दालन ठोकून पाहिलं. आवाज सगळीकडे एकसारखा होता. जेवणाच्या सुट्टीत तो घरचं बोलत असे. गावाला म्हातारी आई, बायको, दोन मुली. थोरलीचं लग्न माघात ठरलेलं. हे सगळं मला माहीत होतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे मी ते माहीत नसल्याचं सांगितलं.

दुर्गापूजेच्या सुट्टीत शाळा बंद होती. जिन्याची मापं हवी होती म्हणून एका दुपारी मी एस्प्लनेडहून बेहालाची ट्राम धरली. माझेरहाटचा पूल उतरून पुढे गेलो, उतरलो, गल्लीत वळलो आणि आवाज कानावर आला. पंचवीस-तीस लाकडी थाप्या एका तालात पडत होत्या. वर कोणी म्हातारा गाण्याची ओळ सांगायचा, बायका ती उचलायच्या, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी थाप्या एकदम.

मी शिडी चढलो. डोकं गच्चीच्या कठड्यावर आलं तिथे थांबलो.

बायका दोन रांगांत उकिडव्या बसून सरकत सरकत धोपटत होत्या. चुना ओला होता. त्यावर गुळाचं आणि मेथीचं पाणी शिंपडत होते, त्याचा गोडसर कडू वास येत होता. कडेला कालवलेल्या चुन्याचे ढीग, पाण्याची दोन पिंपं. मिस्त्री ढिगाजवळ उभा होता. मला पाहून हात वर केला.

"या, बर्गीबाबू. लोक चार इंच घालतात, मी पाच घातलंय. बडदींच्या मुलींच्या वहीवर थेंब पडायला नको."

मी तिथल्या तिथे बेरीज केली. बेरीज करायला मला कागद लागत नसे. पाच इंच, ओलं, वर माणसं, पिंपं. आणि सगळ्या एकदम पडणाऱ्या थाप्या. मी दोन लिहिले होते तिथे पन्नास होते.

"सगळे खाली उतरा," एवढंच म्हणायचं होतं. बंगालीत ते मला येत होतं.

का म्हटलं नाही, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतो आहे आणि दर वेळी उत्तरं तीच येतात. गच्ची उभी होती. अर्धं काम झालेलं असूनही उभी होती. गणितात आपण सुरक्षिततेसाठी जास्तीचं धरलेलं असतं, ते कधीतरी उपयोगी पडणारच. ओला चुना वाळला की हलका होतो. ही इंजिनिअरची उत्तरं. खरं उत्तर असं, की खाली उतरा म्हटलं असतं तर मिस्त्रीने विचारलं असतं, का? मग मला सांगावं लागलं असतं की हे करायचं नव्हतं आणि मी सांगायला विसरलो. तीस बायकांसमोर, बडदींसमोर, संध्याकाळी साहेबांसमोर. पाच इंच चुना खोऱ्यानं काढून टाकायला लावावा लागला असता आणि दोन दिवसांची मजुरी, सगळ्यांचा घाम खाली अंगणात पडला असता. मला लाज वाटली. लाज वाटली म्हणून मी गप्प बसलो.

मी म्हणालो, "छान झालंय, मिस्त्री."

जिन्याची मापं घेतली आणि ट्रामनं परत आलो. त्या रात्री मला झोप लागली, हेही सांगायला हवं. उद्या साहेबांच्या कानावर घालू असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब आसनसोलला गेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कचेरीत माणूस धावत आला.

मी पोचलो तेव्हा जखमींना आणि मेलेल्यांना नेलं होतं. दोन बायका गेल्या होत्या. काही जणींची हाडं मोडली होती. बाकीच्या अंगणात बसून होत्या, नखशिखांत पांढऱ्या. गच्ची दालनात पडली होती आणि खालच्या जुन्या छताने ती झेलली होती. ओल्या चुन्यात थाप्या रुतलेल्या होत्या. मडक्यांच्या खापऱ्या सगळीकडे.

मी आत गेलो. बरगड्या भिंतीपासून हातभर अंतरावर तिरप्या कापल्या गेल्या होत्या. एक नाही, ओळीनं सगळ्या. मधे कुठे मोडल्या असत्या तर वेगळा अर्थ झाला असता. टोकाशी तिरप्या मोडल्या याचा अर्थ रिंगा कमी पडल्या, भार जास्त झाला. माझी सही असावी तसं ते दिसत होतं. मी काँक्रीटचा एक तुकडा उचलला. घट्ट, जड, एकजीव. खिळ्यानं ओरखडा काढून पाहिला, निघेना. मिस्त्रीच्या कामात काही उणं नव्हतं. हे कळायला मला दोन मिनिटं लागली.

तो भिंतीला टेकून बसला होता, कोपरापर्यंत चुना. मला पाहून उठला.

"बाबू, माझं काय राहिलं? तुम्ही सांगा. मला दिसत नाही."

मी म्हणालो, "बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. माझा दुसरा तक्ता त्यांच्या टेबलावर होता. 

"जलछाद घालायचं नाही हे मिस्त्रीला सांगितलं होतं ना?"

त्यांचा स्वर विचारण्याचा नव्हता. ते मला सुटण्याची वाट देऊ करत होते आणि मी ती घ्यावी अशी त्यांची इच्छा होती. पेन्सिल त्यांनीच ठेवली होती त्या ओळीवर. पण सांगण्याचं काम माझं होतं, तो दोष मी त्यांच्यावर टाकत नाही.

मी म्हणालो, "हो."

चौकशी शाळेतच झाली, खालच्या वर्गात. मुलींच्या बाकांवर तिघे सरकारी अधिकारी बसले होते. एकाने पडलेल्या काँक्रीटचा थोडा भुगा हातावर घेतला, बोटानं चोळला आणि म्हणाला, "वाळू जास्त दिसते." तुकडा कोणी तपासायला पाठवला नाही. तो काळच तसा होता, परवान्याच्या सिमेंटचा आणि काळ्या बाजाराचा. कुठे काही पडलं की सिमेंट विकलं असणार, असंच पहिल्यांदा मनात येई. शिवाय मिस्त्री कोण, कुठला, हेही त्या वर्षांत लोक मनात धरत. ते कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

मला इंग्रजीत विचारलं. तक्ता पाहिला. तक्त्यात फेल्ट होतं, दोन पौंड. गणित बरोबर होतं.

"हे मिस्त्रीला सांगितलं होतं?"

"हो," मी म्हणालो. "दोनदा."

ही ती दुसरी गोष्ट. दोनदा हा शब्द माझ्याकडे कोणी मागितला नव्हता. तो मी आपणहून दिला. खोटं एकटं उभं राहत नाहीसं वाटलं म्हणून त्याला टेकू दिला असेल.

मग मिस्त्रीला बंगालीत विचारलं. तो माझ्याकडे बघत होता, रागानं नाही, चुकून कोणी दुसरा बोलला की काय अशा नजरेनं.

"नाही हुजूर. असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. विचारलं असतं, मग पाऊस अडवणार कोण? मला आठवलं असतं."

"म्हणजे बाबू खोटं बोलताहेत?"

 तो म्हणाला, "बाबू भले माणूस आहेत."

बडदी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मला नंतर एकच विचारलं, "तुम्ही दोनदा सांगितलंत, मग मला एकदाही का नाही?" मी म्हणालो की बांधकामाच्या गोष्टी मिस्त्रीशीच बोलायची पद्धत असते. त्या मान हलवून निघून गेल्या. माझा विश्वास आहे की त्यांना कळलं होतं. पण त्यांना शाळा चालवायची होती, पुन्हा कोणातरी इंजिनिअरच्या दारी जायचं होतं.

मिस्त्रीवर निष्काळजीपणाचा खटला झाला. वर्षाची शिक्षा झाली. मला साक्षीला जावं लागलं नाही, चौकशीतला जबाब पुरेसा ठरला.

त्या महिन्यात ओळखीच्या एका घरी सत्यनारायण होता. रेल्वेतले एक वयस्कर गृहस्थ माझ्याशेजारी पाटावर बसले होते. प्रसादाची वाटी हातात घेऊन म्हणाले, "सुटलात हो. कागद पक्का ठेवला होतात म्हणून. ही मिस्त्री मंडळी ऐकतात थोडीच?"

मी म्हणालो, "नाही ऐकत."

घरी येताना बायकोने विचारलं, "अहो, त्या मिस्त्रीच्या घरी कोण कोण असतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

 नंतर कितीदा तरी मला वाटलं की तिने पुन्हा विचारावं. तिने विचारलं नाही. माझ्याशी बोलताना कुठे थांबायचं ते ती तेव्हापासून शिकली, आणि ते मीच तिला शिकवलं.

मी ती कचेरी वर्षभरात सोडली, सरकारी नोकरीत शिरलो. पुढे माझी ख्याती जड काम करणारा अशी झाली. हाताखालची मुलं चेष्टा करत, "साहेबांच्या तुळईवरून हत्ती जाणार आहेत." जिथे आठ इंच पुरे तिथे मी दहा लिहिले, रिंगा दुप्पट घातल्या. वरिष्ठ म्हणत, सावध माणूस आहे. पोकळ स्लॅबचं काम आलं की मी ते दुसऱ्याकडे देत असे. खरं तर तंत्र चांगलं आहे. आता सगळीकडे वापरतात, आणि माझी गच्ची पडली ती त्या तंत्रामुळे नव्हे.

सहा-सात वर्षांनी खिदिरपूरला मिस्त्री भेटला. नाल्याची भिंत दुरुस्त करत होता, दुसऱ्या कोणाच्या हाताखाली. मी चुकवून जाणार होतो, त्यानेच ओळखलं.

"बर्गीबाबू ना? बरे आहात? मुलगी मोठी झाली असेल."

मी म्हणालो, शाळेत जाते. त्याच्या मुलीचं विचारायचं धाडस झालं नाही, तर त्यानेच सांगितलं. माघातलं लग्न मोडलं. नंतर दुसरीकडे झालं, बिजवराशी. आई तो आत असतानाच गेली. हे सगळं त्याने पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. मग वीट खाली ठेवून, हात पुसून म्हणाला,

"बाबू, मी तिथे असताना फार आठवून पाहिलं. रोज आठवायचो. कुठे उभे होतो, काय बोललो. आधी वाटायचं, तुम्ही सांगितलं नव्हतं. मग वाटायला लागलं, सांगितलंही असेल. ओतायच्या गडबडीत माझ्या डोक्यातून गेलं असेल. तुम्ही दोनदा म्हणालात. माणूस उगीच दोनदा म्हणणार नाही. त्या दोघी माझ्या विसरण्यानं गेल्या, बाबू. मी नमाजात त्यांच्यासाठी मागतो."

त्याचे डोळे भरले नव्हते. तो मला मोकळं करत होता. आपल्यामुळे मला चौकशीत बसावं लागलं याची त्याला खंत होती.

मी त्याच्यासमोर उभा होतो. रस्त्यावर दुसरं कोणी आमच्याकडे लक्ष देत नव्हतं. खटला संपलेला, शिक्षा भोगून झालेली, साहेब वारलेले. मला कसलीच भीती उरली नव्हती. तरी माझ्या तोंडून निघालं, "झालं ते झालं, मिस्त्री. मनात ठेवू नका."

म्हणजे मी त्याला क्षमा केली. त्याने ती घेतली, हात जोडले, आणि वीट उचलून पुन्हा कामाला लागला.

गच्चीखाली दोघी गेल्या ते माझ्या गप्प बसण्यामुळे. ते पाप मी जाणतो आणि त्याला कधीतरी शेवट आहे, माझ्या शेवटाबरोबर. पण या माणसाची स्वतःची आठवण मी त्याच्याकडून काढून घेतली आणि तिच्या जागी माझं खोटं ठेवलं. तो ते अजून वागवतो आहे, त्याचंच समजून.

त्या दोघींची नावं मला माहीत नाहीत. चौकशीच्या कागदात 'दोन मजूर स्त्रिया' असं आहे. मिस्त्रीला माहीत असतील. तो आता गावी असतो, काम होत नाही. बेहालातल्या एका गवंड्याने सांगितलं. गावाचं नाव मला माहीत आहे. सियालदाहून गाडी आहे, स्टेशनावरून बैलगाडीनं तासाभराची वाट. मी दोनदा तिकीट काढलं आणि दोन्ही वेळा गेलो नाही.

मी त्याला एवढं सांगण्याचं देणं लागतो: मिस्त्री, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. एकदाही नाही. तुम्ही काही विसरला नाहीत. आणि त्या दोघींची नावं त्याच्याकडून विचारून घेण्याचंही.

हे मी अजून केलेलं नाही.